जमिनीखाली ओनो-सान

अगं, आमच्या नागोयाच्या घरातली लाकडी जमीन म्हणजे हिवाळ्यात नुसता बर्फ. हीटर लावून लावून विजेचं बिल वाढलं, तेव्हा जमिनीच्या खालून थंडी अडवणारा जाड थर बसवून घ्यायचं ठरवलं. कारागीर ओनो-सान आले, स्वयंपाकघराच्या जमिनीतलं झाकण उघडून सरपटत जमिनीखाली गेले. मी चहा ठेवायला उठले, तर पुण्याहून आलेल्या सासूबाई ओरडल्या, "थांब! माणसाच्या डोक्यावरून चालतेस?"

"आई, मध्ये जमीन आहे."

"असू दे. ते आपल्यासाठीच राबतायत ना?"

झालं! मी, नवरा आणि सासूबाई, तिघंही दोन तास सोफ्यावर पाय वर घेऊन बसलो. नवऱ्याला बाथरूमला जायचं होतं, तर म्हणाल्या, "ते बाहेर आले की जा."

शेवटी ओनो-सान बाहेर आले. आम्हाला तसं बसलेलं बघून त्यांचा चेहराच पडला. "जमीन एवढी गार लागते तुम्हाला?" कमरेत वाकून माफी मागितली, "अजून एक थर घालतो," म्हणाले आणि मी तोंड उघडायच्या आत परत खाली शिरले.

नवरा बाथरूमच्या दारापर्यंत पोचला होता. सासूबाई म्हणाल्या, "ये परत. पाय वर!"