वैजूनं नवं देऊन जुनं आणलं

मंडळी, टाळ जरा मांडीवर ठेवा. पखवाजवाले, तुम्हीही हात विसावू द्या. आधी एका प्रश्नाचं उत्तर द्या, मग पुढं जाऊ. थोर कोण? ज्याच्या अंगात जोर आहे तो — की जोर असून वेळेवर थांबतो तो?

लगेच माना डोलवू नका! ‘थांबतो तो, थांबतो तो’ — कीर्तनात सगळेच म्हणतात. घरी गेल्यावर काय करता ते तुमच्या घरच्यांना विचारायला पाहिजे! आज मी राजाची गोष्ट सांगत नाही, ऋषीची सांगत नाही. आज गोष्ट मशिनीची! हसताय? हसा, हसा. देवाला शिकवायचंच असेल तर तो मशिनीतूनही शिकवतो.

तर ऐका. वाघदरे नावाचं गाव. गावात भैरोबाचा लाकडी रथ. जत्रेला गावचे सगळे गडी दोर ओढतात, आणि रथ देवळापासून वेशीकडं उतारानं निघतो. आता मला सांगा, उतारावर रथ चालवायला अक्कल लागते का? तो आपला आपणच चालतो! अक्कल लागते थांबवायला. म्हणून एक माणूस हातात लाकडाचा ठोकळा घेऊन चाकाच्या कडेनं चालतो. त्या ठोकळ्याला म्हणतात मोगरी. चाक वाकडं गेलं की ओरडायचं — ‘थांबाऽऽ!’ — आणि मोगरी चाकाखाली सारायची. हा मान सुताराच्या घराचा. पिढ्यान्‌ पिढ्यांचा!

भिवाअण्णा सुतार हा मान मिरवत आले. पण त्या वर्षी अण्णांच्या अंगावरून वारं गेलं, उजवा हात लुळा पडला. मुलगा नाही. एकच लेक, वैजयंता. सगळं गाव तिला वैजू म्हणायचं. बापाच्या हाताखाली रंधा मारत मोठी झालेली पोरगी. तिनं पंचांना सांगितलं, “औंदा मोगरी मी लावणार.”

जत्रेचे मुख्य पंच सदूनाना. मिशीवर हात फिरवत म्हणाले, “पोरी, रथ म्हंजे काय पाळणा हाय व्हय? तुझ्या मनगटात जोर कुठला?”

झालं! लागलं ना जिव्हारी! नानाही अगदीच कठोर नव्हते. म्हणाले, “औंदाचं रथाचं काम तू कर. गावाच्या वर्गणीतनं तुला एक मशीन घिऊन देतो. काम बघू, मग मोगरीचं बोलू.”

बापलेक तालुक्याला गेली. दुकानदारानं दोन मशिनी समोर मांडल्या. दोन्ही बॅटरीच्या, वायरीची कटकट नाही. एक ड्रिल, दुसरं इम्पॅक्ट. दुकानदार म्हणाला, “ड्रिलनं भोकं पाडा, स्क्रू पिळा. आणि हे इम्पॅक्ट — हे फिरता फिरता आतून ठोके घालतं. टर्रर्रर्र! बाभळीच्या ओंडक्यात बोल्ट असा उतरवतं, जसा लोण्यात!”

अण्णांनी एकच विचारलं, “थांबतं कोणचं?”

“ड्रिलला पुढं कडी आहे, तिला क्लच म्हणतात. आपण ठरवू तेवढा जोर झाला की कट्-कट् करून पिळणं सोडून देतं. इम्पॅक्टचा थांबा म्हणजे तुमचं बोट!”

अण्णा म्हणाले, “वैजू, एकच घ्यायचं तर ड्रिल घे.”

घेतलं का तिनं? छे! कानात सदूनाना बसले होते ना — जोर कुठला, जोर कुठला! ती म्हणाली, “अण्णा, मला गावाला जोर दाखवायचाय.” आणि इम्पॅक्ट उचललं. माउली, आपणही असंच करतो. लागतं एक, आणि घेतो ते शेजाऱ्याला दाखवायला!

पण खोटं कशाला बोलू? मशीन वाईट नव्हतं. रथाच्या आसाखालचा बाभळीचा ठोकळा बसवायचा होता. वैजूनं हातानं फिरवायच्या गिरमिटानं भोकं पाडली, लांब बोल्ट लावले आणि बटण दाबलं. टर्रर्रर्र! बोल्ट गपकन आत! बघायला जमलेल्या माणसांनी शिट्ट्या मारल्या. वैजूची मान ताठ झाली. व्हायचीच!

आता राहिली गणेशपट्टी घट्ट करायची. रथाच्या पुढं, देवाच्या डोक्यावर, शिसवी लाकडाची जुनी कोरीव पट्टी. वैजूच्या पणज्यानं कोरलेली. पितळी स्क्रू नाजूक, लाकूड वाळून कडकडीत. अण्णा ओट्यावरून म्हणाले, “पोरी, तिथं हातानं पिळ.” पण शिट्ट्या अजून कानात होत्या! तिनं बटण दाबलं. टर्रर्र — कट्ट! स्क्रूचं डोकं तुटून उडालं, आणि पट्टीला या टोकापासून गणपतीच्या सोंडेपर्यंत तडा!

जमलेली माणसं तोवर जेवायला पांगली होती. पाहिलं ते दोघांनीच — बापानं आणि लेकीनं. वैजू मशीन बाजूला ठेवून तड्यावरून बोट फिरवत बसली. पणज्याचं काम! उद्या जत्रा! मोगरी तर गेलीच, आता घराची अब्रूही जाणार.

आणि मंडळी, वाट मोकळी होती बरं का! गणेशपट्टीवर दरवर्षी झेंडूची जाड माळ चढते. माळ चढली की तडा दिसणार कुणाला? अण्णा नुसते लेकीकडं बघत राहिले. बापाची सगळ्यात अवघड वेळ कुठली? लेकराचं लेकरालाच ठरवू द्यायचं, ती!

वैजू उठली. डोळे पुसले आणि थेट देवळात, पंच बसले होते तिथं. म्हणाली, “नाना, गणेशपट्टीला माझ्या हातनं तडा गेला. मशिनीची चूक न्हाई. थांबायचं तिथं मी थांबले न्हाई.”

नाना म्हणाले, “मग आता?”

“दुपारच्या एसटीनं तालुक्याला जाते. सांजेच्या आत पट्टी बसवते. मोगरीचं तुम्ही ठरवा.”

दुकानदार म्हणाला, “वापरलेली मशीन परत घेत नाही, ताई.” वैजू म्हणाली, “परत नगं. बदली द्या. तुमचं हातातलं वापरलेलं ड्रिल द्या, हे नवं ठेवा.” दुकानदारानं ‘नक्की ना?’ म्हणून दोनदा विचारलं. मग दिलं! एसटीत बायका म्हणाल्या, “अगं येडे, नवं देऊन जुनं आणलंस?” वैजू हसली. त्या दिवसभरात पहिल्यांदा हसली ती.

मग बसली रथावर. मोडका स्क्रू कोरून काढला. तड्यात सरस भरून पट्टी आवळून धरली. जुन्या भोकात लाकडाची खुंटी बसवून नवं बारीक भोक पाडलं. क्लचची कडी अगदी हलक्या जोरावर लावली. फिरवलं. कर्रर्र... कट्-कट्-कट्! थांबलं! स्क्रू बसला, लाकडाला ओरखडा नाही. सरस वाळला, पट्टी घट्ट झाली. पण तड्याची रेघ राहिलीच, आणि वैजूनं रंग फासून ती लपवली नाही.

जत्रेचा दिवस. सदूनाना मोगरी घेऊन उभे. त्यांचा पुतण्या शेजारी, दंड कसलेले! सगळ्यांना वाटलं, मान त्याला जाणार. नाना वैजूसमोर आले आणि मोगरी तिच्या हातात दिली.

पुतण्या म्हणाला, “काका, जिनं पट्टी फोडली तिला?”

नाना काय म्हणाले? कान देऊन ऐका! “बाबा, माळ घालून तडा झाकणारा उद्या चाक घसरलं तरी लाजंपायी गप बसंल. हिनं सोताचा तडा भर देवळात सांगितला. ही वेळंला वरडंल!”

आणि ओरडली की! वेशीच्या उतारावर दोर धरलेला एक गडी पाय घसरून पडला, रथाच्या अगदी पुढ्यात. मागच्यांना दिसतंय कुठं? ढोल, गुलाल, सगळे रंगात! वैजू ओरडली — “थांबाऽऽऽ!” आणि मोगरी चाकाखाली! रथ हादरला, कुरकुरला... आणि थांबला. गडी मातीतून उठला, अंग झाडलं, नमस्कार केला. कुणाला? रथातल्या देवाच्या आधी वैजूला!

देवळाच्या पायरीवर खुर्चीत भिवाअण्णा. उजवा हात हलत नाही, तर डावा हात वर केला आणि सगळ्या जत्रेला ऐकू जाईल असं म्हणाले, “माझी लेक हाय ती! माझी!” मंडळी, ही गोष्ट सांगताना माझीही छाती फुगते. असली लेकरं आपल्या मातीत निपजतात! म्हणा एकदा — भैरोबाच्या नावानं... चांगभलं!

बरं, आता तुमच्याकडं वळतो. खाली कशाला बघताय? तुमच्या जिभेला क्लच आहे का? सूनबाईच्या भाजीत मीठ जास्त पडलं — टर्रर्र! लेकाला मार्क कमी पडले — टर्रर्र! म्हातारा बाप दोनदा तेच बोलला — टर्रर्र! आणि कट्ट झालं, तडा गेला, की मग आपण काय करतो? सणाला साडी आणतो. वाढदिवसाला केक आणतो. वरून माळ!

मी काही फार मोठं मागत नाही. आज घरी जा. ज्याला तडा दिलाय त्याच्या समोर बसा, आणि वैजू बोलली तेवढंच बोला — “थांबायचं तिथं मी थांबलो नाही.” प्रसाद उद्या घेतला तरी चालेल. उठा, आधी घरी जा!