बोटीवर मास्तरांना खुर्ची मिळेना

नाही, पण मी म्हणते, बसायला असं लागतं काय हो माणसाला? खुर्ची दिसली, ओढली, टेकलं, संपलं! कुत्रंसुद्धा फार तर दोन गिरक्या घेतं आणि मुटकुळं करून पडतं. आणि आमचे हे? तुम्हाला सांगते, एवढी थोरली बोट, वर पोहायचा तलाव, खाली नाटकाचं थिएटर, नुसतं चालत फिरायचं म्हटलं तरी पायाचे तुकडे पडतील... आणि त्या बोटीवरच्या जेवणाच्या हॉलात, पहिल्याच संध्याकाळी, माझ्यापुढचं सूप गार झालं, त्याच्यावर साय धरली, आणि हे अजून उभेच! हातात नॅपकिन धरून! मी म्हटलं, "अहो, बसा की एकदाचे!"

आमचे हे म्हणजे मास्तर. शाळेचे नव्हेत, ड्रायव्हिंगचे. निम्म्या गावाला ह्यांनी गाडी शिकवली, आणि उरलेलं निम्मं गाव त्या गाड्यांपुढून जीव घेऊन पळालं. आता निवृत्त झालेत. तर लेकीनं आणि जावयानं मिळून आम्हाला क्रूझला पाठवलं. लेक म्हणाली, "आई, जन्मभर तू बाबांना वाढलंस आणि ओट्याशी उभी राहून जेवलीस. आता आठवडाभर दोघांनी शेजारी बसून आयतं जेवा." शेजारी बसून! पोरीला काय माहीत!

हॉलाच्या दाराशी तो हेडवेटर, लोणी लावल्यासारखा गुळगुळीत, कमरेत वाकून म्हणतो कसा, "या मॅडम, या सर, जे टेबल आवडेल ते घ्या. फक्त एक आहे हं... आज जिथं बसाल, ती जागा आठवडाभर तुमची!"

झालं! कुठून दुर्बुद्धी सुचली त्याला! हे वाक्य ऐकलं मात्र, आमच्या मास्तरांचा चेहरा असा झाला, जणू त्या टेबलाच्या घरात मुलगीच द्यायची आहे! हिंडायला लागले. हे खिडकीजवळचं? "नको, लाटा बघून ढवळेल." हे मधलं? "चौकात गाडी उभी करतं का कुणी?" हे कोपऱ्यातलं? "शेजारी स्वयंपाकघराचं दार आहे, ट्रॉल्या हॉर्न न देता बाहेर येतात." बरं, हे खांबाजवळचं? तर म्हणतात, "खांबामागचं दिसत नाही." अहो, खांबामागचं कशाला दिसायला पाहिजे? आपल्याला ताटातलं दिसलं म्हणजे बास ना? शेवटी टेकले एकदा खांबापाशी. मी चमचा उचलते, तोच, "तू इकडे ये, मी तिकडे जातो." उठले. मी उठले. वेटर ब्रेडची टोपली घेऊन आला, त्याला कळेना कोणापुढं ठेवायची, तो बिचारा टोपली धरून आमच्या दोघांभोवती प्रदक्षिणा घालतोय! मी दातओठ खात म्हटलं, "अहो, बसा की! लोक बघताहेत!"

आणि गंमत सांगू? हा माणूस असा नव्हता हो! दगडावर बसेल, पायरीवर बसेल, गाडीच्या टायरवर बसून जेवेल. हे बसायचं खूळ लागलं ते गेल्या दोन वर्षांत. घरातल्या सोफ्यावरची ह्यांची जागा बदलली. दवाखान्यात गेलो की आधी माझी जागा ठरवणार, मग स्वतःची. पुतणीच्या लग्नातला फोटो बघा, आख्खं खानदान बसलंय आणि मागं हे अर्धवट उठलेले! मी म्हटलं, वय. बायका वयानं वाकतात आणि पुरुष वयानं वाकड्यात शिरतात, दुसरं काय!

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. ह्यांना टेबल बदलून पाहिजे. हेडवेटर घाम पुसत म्हणतोय, "सर, काल आपणच..." आणि हे म्हणताहेत, "काल अंदाज चुकला!" पार्किंग करताहेत खुर्चीचं! तीन टेबलं फिरून पुन्हा खांबापाशीच. तोवर माझी कोंबडी गार. तरंगत्या राजवाड्यात राहून गार जेवण माझ्याच नशिबी!

तिसऱ्या संध्याकाळी मात्र मी कंबर कसली. आधीच जाऊन हेडवेटरला गाठलं. म्हटलं, "हे बघ भाऊ, मला ते खिडकीतलं टेबल दे, दोन खुर्च्या, दोन्ही समुद्राकडे तोंड केलेल्या." तो एवढा खूश झाला की मला वाटलं पायाच पडतोय. डावीकडची खुर्ची मी पकडली, पर्स मांडीवर घेतली, म्हटलं आता बोट बुडाली तरी उठायची नाही. हे आले. घुटमळले. "तू ह्या खुर्चीत येतेस का?" नाही! "तिकडं वारा लागेल तुला." लागू दे! "बरं मग मी..." म्हटलं, "अहो, बसा की एकदाचे! नवरा-बायको आहोत, संगीत खुर्ची खेळायला आलोय का?"

बसले. मुकाट.

आणि काय सांगू तुम्हाला, समोर तो सूर्य... कुणी केशरी रंगाची बादली उपडी केल्यासारखा समुद्र. पियानोवर कुणीतरी हळूच काहीतरी वाजवतंय. माझं मन भरून आलं. आता आमच्यात तसलं बोलायची पद्धत नाही बरं का. आमचं प्रेम म्हणजे "गोळी घेतलीत का?" आणि "कडी लावलीस का?" एवढंच. पण त्या दिवशी म्हटलं, बोलावं. आता नाही तर केव्हा? सगळा धीर गोळा केला, सूर्याकडे बघतच, अगदी हळू आवाजात म्हटलं, "अहो... तुमच्याशेजारी असं बसलं ना, की बरं वाटतं."

तर हे दचकून सूपच्या वाटीत डोकावले! "वाटीत? काय आहे वाटीत? माशी पडली का?"

माशी! संसारात पहिल्यांदा बायको असलं काही बोलली, आणि ह्यांना त्यात माशी दिसली! माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. म्हटलं, "राहू दे. मी उठते!"

तर हसतमुखानं माझ्यापुढं डबी सरकवून म्हणतात, "मीठ ना? हे घे की!"

उठले! ताडकन उठले! पर्स घेतली आणि जे पहिलं टेबल लागलं तिथं जाऊन बसले. बघा, मला लागला का वेळ खुर्ची निवडायला? त्या टेबलावर तिघी बहिणी होत्या, तिघींचं मिळून एकच शिवणकामाचं दुकान. माझा चेहरा बघून थोरली म्हणाली, "या." मधली म्हणाली, "बसा." धाकटी म्हणाली, "रडा." किती शहाण्या बायका! मी रडले आणि सगळं सांगितलं. अगदी माशी आणि मीठ धरून. थोरली म्हणाली, "मुद्दाम करतात." मधली म्हणाली, "सगळे करतात." धाकटी म्हणाली, "मासा गरम आहे तोवर खाऊन घ्या."

आणि वर बघते, तर हे हॉलभर मला शोधताहेत. हातात ती मिठाची डबी तशीच. मी दिसले, तसे आले. पण सरळ समोर यावं की नाही? नाही. आख्ख्या टेबलाला वळसा घालून, दोन खुर्च्या ओलांडून, एका वेटरला धडकून, माझ्या डाव्या हाताला येऊन उभे राहिले. मी तोंड फिरवलं. म्हटलं, "इथंही जागा बघताय का?"

तर हे वाकले, उजवा कान माझ्याकडे केला, आणि... आता ह्यांना वाटलं आपण कुजबुजतोय बरं का! पण असा आवाज लागला की पियानोवाला थांबला! "मला डाव्या कानानं ऐकू येत नाही!"

हॉलभर चमचे जिथल्या तिथं.

"दोन वर्षं झाली," हे तसेच गरजताहेत, "तू डाव्या अंगाला असलीस की मला नुसतं घूं-घूं ऐकू येतं. तू उजवीकडे पाहिजेस. म्हणून जागा बघत असतो. तुझं बोलणं हुकू नये म्हणून!"

तुम्हाला सांगते, माझ्या हातातला काटा खाली पडला. दोन वर्षं! आणि मी ह्याला खूळ म्हणत होते! म्हटलं, "मग सांगायला काय झालं होतं?"

आता मात्र आवाज उतरला. म्हणाले, "माझ्या थोरल्या दादाचं असंच झालं होतं ना. कान गेला, मग घरातले हळूहळू बोलायचेच थांबले. कोण रोज तीनतीनदा सांगणार? मला वाटलं, तूही... तूही बोलायची बंद होशील."

मी? बोलायची बंद? तिघी बहिणींनी एकमेकींकडे बघितलं. आमची ओळख जेमतेम मासा येईपर्यंतची, पण धाकटीला हसू आवरेना. "ह्या?" म्हणाली. "ह्या बंद होणार?" आणि मग थोरली हसली, मधली हसली, मी रडता रडता हसले. त्या तिघीही ताटं-पेल्यांसकट एकेक खुर्ची सरकल्या, माझ्या डावीकडची मोकळी करून दिली. मी ती ओढली आणि म्हटलं... ह्या वेळी हळूच म्हटलं, "अहो, बसा की एकदाचे."

बसले. आणि मग त्यांच्या उजव्या कानात मी ते मघाचं वाक्य पुन्हा सांगितलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत. आधी कान लाल झाला, मग गाल. मग म्हणाले, "मलाही." एवढंच! पण पुन्हा तोच आवाज लागला, आणि सगळ्या हॉलानं टाळ्या वाजवल्या! हेडवेटरनं तर दोनदा वाजवल्या.

आता इथं थांबले असते तर बरं होतं. पण मी बाई, मला राहवतं का? दुसऱ्या दिवशी ह्यांना धरून नेलं बोटीवरच्या डॉक्टरीणबाईंकडे. वाटेत हे असे चाललेत, जणू ब्रेक लावलेली गाडी मी ढकलतेय! त्या बाईंनी बॅटरी मारून कानात बघितलं, थेंब घातले, घटकाभरानं कोमट पाण्याची पिचकारी मारली... आणि बाहेर काय यावं? बोळा! चांगला वाटाण्याएवढा! बाई म्हणाल्या, "काका, कान ठणठणीत आहे. हा नुसता मळ!" मळ! दोन वर्षं माणूस आपलंही दादासारखं होणार म्हणून मनातल्या मनात झुरतोय, आणि कारण काय, तर मळ!

बाहेर पडताना हे दोन पावलं गेले आणि थबकले. "अगं, माझी डावी चप्पलही वाजते!" मग पंखा वाजतो, मग किल्ल्या वाजतात, लहान मुलाला खुळखुळा मिळावा तसं चाललं होतं. संध्याकाळी हॉलात शिरले ते थेट पहिली दिसली त्या खुर्चीत धप्पकन बसले. मी उभीच! हेडवेटर आ वासून बघतोय! मला वाटलं, जिंकलं. आता उरलेले दिवस सोन्याचे.

आणि काल सकाळी नाश्त्याला येऊन बसले, डोळे तांबारलेले, जांभयांवर जांभया. म्हटलं, "काय हो, झोप नाही झाली?"

तर चहाचा कप खाली ठेवून, अगदी गंभीरपणे म्हणतात, "दोन वर्षं मी समजत होतो, ती रात्रीची घरघर माझ्या बिघडलेल्या कानातली आहे. डाव्या कानाचा दोष म्हणून गप्प सोसत होतो. काल कळलं... अगं, ती तू आहेस!"

घ्या!

काय करता? गेले तशीच उठून डॉक्टरीणबाईंकडे. म्हटलं, "बाई, ह्यांच्या कानातला तो बोळा... टाकून दिलात का हो?"