घरचं म्हणून आणलेलं

मेरिल : ...आणि परत सांगतो, सीमेच्या चौकीवर बोलायचं काम माझं. तू नुसतं स्टिअरिंग धर. तेवढं जमतं तुला.

ट्रेंट : हो बाबा.

मेरिल : गेल्या खेपेला तिथल्या माणसानं विचारलं, बंदुकीच्या गोळ्या कुठल्या, तर तू म्हणालास पिवळ्या. पिवळ्या! कोराला सांगितलं तर ती तुझीच बाजू घेते, माझी मुलगी असून.

ट्रेंट : विम्याच्या ऑफिसात गोळ्या लागत नाहीत, बाबा.

मेरिल : ते दिसतंच आहे. खरं सांगू का, दरवर्षी तुला शिकारीला ओढून आणतो ते एकाच गुणासाठी. मी पाडलेलं हरीण तू सुकवतोस, ते मात्र फक्कड. शिकारीच्या तळावरची मंडळी आधी तुझी पिशवी शोधतात. मी सांगतो त्यांना, जावई बाकी सगळ्यात ढ, पण धुरावर मांस धरावं तर त्यानंच.

ट्रेंट : या वेळी पिशवी घरीच ठेवली असती तर बरं झालं असतं. लेबल नसलं की विचारतात, बाबा.

मेरिल : विचारू देत. आपल्या रानातलं, आपण मारलेलं. चोरीचं आहे का? काच खाली कर, आला आपला नंबर.

अधिकारी : नमस्कार. कॅनडात कुठे निघालात?

मेरिल : उत्तरेला, मूस हरणाच्या शिकारीला. हा परवाना मिळेपर्यंत केस पांढरे झाले माझे. बंदुका मागे पेटीत आहेत, हे त्यांचे कागद.

अधिकारी : कागद ठीक आहेत. खाण्याचं काही? मांस? त्या सीटच्या कडेला ठेवलेल्या पिशवीत काय आहे?

मेरिल : हरणाचं सुकवलेलं मांस. घरचं.

अधिकारी : मी यांना विचारतेय. पिशवी यांच्या सीटला लागून आहे.

ट्रेंट : घरचंच. म्हणजे... हो.

अधिकारी : हरीण मारलं कुणी?

मेरिल : मी. गेल्या हिवाळ्यात, घरामागच्या ओढ्यावर. सुकवलं यानं.

अधिकारी : मग शिकारीचं मांस असंच सोडता येणार नाही. तुम्ही म्हणताय ते लिहून खाली सही करा, आत तपासणी होईल. खोटं निघालं तर बंदुका इथेच राहतील आणि तुम्ही घरी जाल.

मेरिल : आणा इकडे. आयुष्यात खोटी सही केलेली नाही मी. पेन देता का बाई, की त्यालाही परवाना लागतो?

ट्रेंट : बाबा, सही करू नका.

मेरिल : तू गप्प बस.

ट्रेंट : मॅडम, ते हरणाचं नाही. दुकानातलं बीफ आहे. रिकामी पाकिटं माझ्या सीटखाली आहेत, लेबलासकट. वाटेत कुठेतरी टाकणार होतो.

अधिकारी : बघू. हं, हे चालतं. पाकिटातच असतं तर मी दुसऱ्यांदा बघितलंही नसतं. बाहेर काढलंत कशाला?

ट्रेंट : घरचं वाटावं म्हणून.

अधिकारी : कुणाला?

ट्रेंट : शेजारी बसलेत त्यांना.

अधिकारी : ...जा तुम्ही. पुढच्या वेळी विचारलं की पहिल्यांदाच खरं सांगा. आणि साहेब, तो कागद परत द्या माझा.

(गाडी सीमा ओलांडून बरीच पुढे आली आहे.)

ट्रेंट : बाबा, काहीतरी बोला.

मेरिल : माझी हरणं कुठे गेली?

ट्रेंट : पहिल्या वर्षी मीठ कमी पडलं की धूर, कळलं नाही. वास मारायला लागलं. टाकून दिलं.

मेरिल : टाकून दिलंस.

ट्रेंट : नाताळात तुम्ही चवीला मागितलं. घाबरून दुकानातलं पिशवीत भरून आणलं. लग्नानंतर पहिल्यांदा तुम्ही मला शाबास म्हणालात. मग पुन्हा स्वतः सुकवायची हिंमतच झाली नाही.

मेरिल : आणि नंतरची?

ट्रेंट : शेजाऱ्याच्या कुत्र्यांना.

मेरिल : कुत्र्यांना. गुडघे गेलेला माणूस मी, बर्फात पोटावर पडून राहतो, एका गोळीत पाडतो, ओढत घरी आणतो, आणि तू ते कुत्र्यांना घालतोस. मारलेलं वाया घालवणाऱ्याला आम्ही शेकोटीपाशी बसू देत नाही, ठाऊक आहे? तळावर तुझं कौतुक करून करून माझं तोंड दुखलं. कोराला माहीत आहे हे?

ट्रेंट : पाकिटं तीच फोडते.

मेरिल : माझी मुलगी.

ट्रेंट : मी कबूल करणार होतो. तीच म्हणाली, बाबांना नको सांगूस. लहानपणी तिच्या हातून एकदा मासा निसटला, तो तुम्ही अजून पाहुण्यांना सांगता.

मेरिल : मग? निसटला होता खरंच.

ट्रेंट : हो, बाबा.

मेरिल : केवढा मासा होता तो.

ट्रेंट : तेही सांगता तुम्ही.

मेरिल : ...पहिल्या वर्षीच यायचं होतंस. मांस बिघडलं म्हणून सांगायचं.

ट्रेंट : काय म्हणाला असतात?

मेरिल : म्हणालो असतो, तुझ्याइतका नालायक माणूस मी दुसरा पाहिला नाही.

ट्रेंट : तेच ना.

मेरिल : आणि दुसऱ्या दिवशी सुरी घेऊन शिकवायला आलो असतो.