जावेच्या हातची भाकर

मी मूळची पळस्प्याची, दिली रोडपालीत. बापाची भातशेती, आमी पाच बहिनी, आनि भाकर हातावर कशी फिरवायची ते आयनी मला सातव्या वर्षीच शिकवलं. काय सांगू तुला बाय, गावात कोनाची पन हळद असो, तांदळाच्या भाकऱ्यांना पहिलं बोलावनं मला, शंभर भाकऱ्या झाल्या तरी एकीला चीर नाय.

मंग धाकटी जाऊ आली, सुरेखा. तिची भाकर माज्यापेक्षा पातळ, फुगते पन टम्म, आता खोटं कशाला बोलू. बाया बोलायला लागल्या, वहिनी, आता सुरेखाला बसवू चुलीवर, तुमी आराम करा. मला काय झालंय आराम करायला? तोंडानी हो हो बोलली, पन आतून नुसती जळत होती, झोप नाय, जेवन नाय, तिच्या भाकर थापायच्या आवाजानी पन माजं डोकं फिरायचं. दोन वर्षं असंच.

मंग बोटं सुजली. सकाळी मूठ वळेना. कामोठ्याच्या डॉक्टरीन बाईंनी रक्त तपासलं, बोलल्या, मावशी, हा संधिवात हाय, अंगातले शिपाई रोगाशी लढायचं सोडून तुमच्याच सांध्यांवर तुटून पडलेत. मनाला काय त्रास हाय का? मी बोलली, काय नाय. त्या बोलल्या, नुसत्या ताणानी होतो असं नाय, पन ताण राहिला का सूज भडकते, लवकर उतरत नाय. आता त्यांना कसं सांगू, माजा ताण माज्याच घरात पीठ मळतोय?

गोळ्या आनायची सुरेखाच. म्हनून मी घ्यायचीच नाय, उशीखाली ठेवायची. तिच्या हातानी बरी होऊ? त्यापेक्षा दुखू दे. आनि भाचीच्या हळदीला हट्टानी बसली चुलीशी. पहिलीच भाकर सगळ्यांसमोर फाटली, परातीत पडली. कोन हसलं नाय, तेच जास्त लागलं. सुरेखानी माज्या बाजूला पाट ओढला आनि भाकऱ्या थापायला बसली.

आता गोळ्या घेते, वेळेवर. सूज उतरलीय थोडी, मूठ वळते, भाकर काय जमत नाय. जळनं गेलं का विचारशील, तर नाय गेलं बाय. ती वाढते तेव्हा आजून तोंड फिरवते, पन दोन भाकऱ्या खाते, चांगली करते मेली. देवापुढे उभी राहिली का बोलते, तिचे हात असेच राहू दे, माज्यासारखे करू नको. माज्या हातांसाठी मागायला जाते, तर आधी तिचंच नाव तोंडात येतं, आनि त्याचा पन मला राग येतो.