मागे राहणारा माणूस

हॉस्पिटलच्या बाकावर माझ्या शेजारी अर्धांगवायूचा झटका येऊन गेलेले आजोबा बसले होते. त्यांचा स्कॅन दाखवून आजी डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर आल्या.

"काय म्हणाले?"

"मेंदूतल्या बारीक नसा खराब झाल्यात. पांढरे ठिपके दिसतात, बरेचसे जुनेच, झटक्याच्या कितीतरी आधीचे. चालही त्यानेच मंदावली असणार म्हणे."

"मग रडतेस कशाला?"

"फिरायला गेलं की तुम्ही मागे रेंगाळायचात. मला वाटायचं, माझ्यासोबत चालायचंच नाही तुम्हाला."

"अगं, तूच पळायचीस! मला वाटायचं, तुलाच माझा कंटाळा आलाय."

"हाक मारायची की मग!"

"लाज वाटायची."

"कमाल आहे बाई तुमची. उठा, घरी जाऊ. तुम्ही पुढे व्हा, मी मागून येते."