शामराव आणि फियाटचा टेप

...भोक पाडलं हो, सरळ भोक. डॅशबोर्डला. सीटवरचं प्लॅस्टिकसुद्धा मी अजून काढलं नव्हतं, बायको बसली की चर्र चर्र वाजायचं, ती म्हणायची काढा ते, मी म्हणायचो राहू दे गं... आणि वरळीचा आर्थर मेकॅनिक ड्रिल हातात घेऊन मला विचारतो, "बॉस, होल राइटला पाडू की लेफ्टला?" म्हणजे पाडायचं की नाही हा प्रश्नच नाही. गाडी नवी होती हो.

कशासाठी? तर टेपसाठी. कॅसेटच्या टेपसाठी. तुम्हाला सांगतो, आमच्या गाडीत एवढा मोठा स्क्रीन आहे, म्हणजे होता, त्याला नुसतं बोट लावलं की पाहिजे ते गाणं लागायचं. पण आमच्या बाबांना तोच टेप हवा. कुठला? मिलचा संप झाला, साचे म्हणजे कापडाचे माग बंद पडले ते पडलेच, तेव्हा बाबा साचेखातं सोडून टॅक्सी चालवायला लागले, त्या फियाटमधला. टॅक्सी भंगारात गेली. टेप मात्र आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून लालबागच्या खोलीत, माळ्यावर.

आणि हे सगळं कोणामुळे? शामराव बुवांमुळे. शामराव म्हणजे आमच्या समोरच्या खोलीतले, बाबांच्याच मिलमधले, बाबांच्याच तालुक्यातले, आणि बाबांचे जन्माचे वैरी. कारण डबलबारी. तुम्ही लालबाग-परळचे असाल तर सांगायला नको, नसाल तर ऐका, दोन भजनी बुवा समोरासमोर बसतात, एक गाण्यातून सवाल टाकतो, दुसऱ्यानं गाण्यातूनच उत्तर द्यायचं. संपाच्या वर्षी गणपतीत चाळीच्या पटांगणात ह्या दोघांची बारी लागली. सकाळी पाळीला कोणाला जायचं नव्हतंच, मुंगी शिरायला जागा नाही. शामरावांनी शेवटचा सवाल टाकला, बाबा उत्तराला उठले, तोंड उघडलं... आणि लाईट गेली. माईक बंद.

बाबा म्हणतात, लाईट जायच्या आधीच मी उत्तर दिलं होतं. शामराव म्हणतात, "भिवा, तुका उत्तर येतच नव्हता. काळोखान वाचवल्यान तुका." झालं. तेव्हापासून हे रोज चालू आहे. गॅलरीत, नळावर, संडासच्या लायनीत. त्यात दोघेही साचेखात्यातले, म्हणजे मागांच्या खडखडाटात कान कामातून गेलेले, म्हणजे ह्यांची कुजबुजसुद्धा भोईवाड्यात ऐकू जाते.

आता ती बारी कोणीतरी सेलवरच्या रेकॉर्डरवर भरून घेतली होती. लाईट गेली तरी तो चालूच होता ना. कॅसेट बाबांकडे. तुम्ही म्हणाल, मग घरात लावा आणि मिटवा एकदाचं. अहो, लावली. कितीदा लावली. शामराव चपला घालतात आणि खाली पान खायला जातात. ऐकतच नाहीत. बाबांच्या टॅक्सीत तर ते कधी बसलेच नाहीत, म्हणायचे मी आपला बसने जातो.

अशात शामरावांच्या मुलानं खोली विकली, आणि शामराव कायमचे गावाला निघाले. मीच मोठेपणा केला. म्हटलं, बुवा, एसटीने कशाला, नवी गाडी घेतलीय, मी सोडतो तुम्हाला. आणि बाबा एकदम उठून बसले. "रे, चलत्या गाडयेतसून खय जातलो तो?"

मी म्हटलं बाबा, कॅसेट पेनड्राइव्हवर घेऊ. "कॉम्प्युटरातला ता शामराव मानूचो नाय. म्हणतलो, झिलान घुसडल्यान." झील म्हणजे मुलगा, म्हणजे मी. बरं, मग छोटा टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन बसा. "तो खिडकेतसून भायर टाकतलो." म्हणजे काय, तर गाडीला बोल्ट मारून घट्ट बसवलेला टेपच पाहिजे, जो उपटता येणार नाही. आणि खरं सांगू, आवाज चढवून बोलत होते, पण डोळे वेगळेच दिसत होते. समोरची खोली रिकामी होणार होती. उद्यापासून भांडायचं कोणाशी? म्हणून मी आर्थरकडे गेलो.

आर्थर म्हणजे बाबांच्या टॅक्सीचा जुना मेकॅनिक. त्यानं टेप बघितला आणि नवजात बाळ घ्यावं तसा दोन्ही हातांत घेतला. "बॉस, असा पीस आता बनत नाय. टेन्शन नको घेऊ, दोन मिनिटांचं काम आहे." संध्याकाळपर्यंत माझा स्क्रीन बॉनेटवर पालथा पडलेला. म्हटलं, आर्थर, एसीची बटणं त्या स्क्रीनमध्येच आहेत रे. "एसी चालू आहे ना? मग?" चालू होता. फुल. बंदच होईना. मागचा कॅमेरा गेला, रस्ता दाखवणारी बाई गेली, शोरूमवाल्याला फोटो पाठवला तर तो म्हणाला, "सर, ही आमची गाडी आहे का?" गाडी नवी होती हो.

निघालो. मे महिना, बाहेर उकाडा, आत दोन म्हातारे कानटोपी घालून मागच्या सीटवर. मागच्या दारांना चाइल्ड लॉक. हो, बाबांनी ते आर्थरकडून मुद्दाम शिकून घेतलं होतं. पनवेल सुटलं तसा बाबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी कॅसेट सारली. शामरावांनी दाराचा खटका ओढला. एकदा, दोनदा. दार उघडेना.

टाळ वाजले, पखवाज वाजला, आणि मग शामरावांचा तरुणपणीचा आवाज आला. तोच शेवटचा सवाल. मी आरशात बघतोय... आता शामराव चिडतील, आता बाबा मान ताठ करतील... आणि शामरावांनी मांडीवर ठेका धरला. गायलाच लागले. तोच सवाल, ह्या वयात, श्वास पुरत नाही तरी. सवाल संपला आणि बाबांनी उत्तर घेतलं. कानावर हात ठेवून, डोळे मिटून, वर शामराव "वा भिवा, वा" करतायत. दोघे बहिरे, दोघे टिपेला. टेपवरचे बाबा काय गायले, लाईट आधी गेली की उत्तर आधी आलं, मला एक अक्षर ऐकू आलं नाही. कॅसेट पुढे सरकून गेली.

मी आवाज वाढवला. म्हटलं, निदान आता तरी कळू दे, ह्याच्यासाठी मी डॅशबोर्ड फोडलाय.

तर मागून बाबा काय म्हणाले माहितीय? "रे, ता बंद कर. शामरावाचा ऐकाक येणा नाय."

केला बंद. गाडी नवी होती हो.