शुक्रवारची सही

(अमेरिकेतील मेन राज्यातल्या एका गिरणीगावची प्राथमिक शाळा. फेब्रुवारीतील पालकभेटीची संध्याकाळ सरत आलेली आहे. चौथीच्या वर्गात हॅस्केल बाई आणि लाकूडगिरणीतील कामगार लायनेल वूलेट हे भिंतीवर डकवलेल्या एका कागदापुढे उभे आहेत.)

बाई : आवाज जरा खाली घ्या, लायनेल. मार्नी बाहेर बाकावरच बसली आहे.

लायनेल : खाली कशाला घेऊ? अख्ख्या गावानं वाचलंय ते! आमच्या गिरणीतला रेजी मघाशी इथं बाहेर कॉफी ओतता ओतता म्हणतो, "काय रे, घरी पोरीला दात दाखवतोस म्हणे!" बापाची अब्रू भिंतीला चिकटवायची, ही कुठली शाळा?

बाई : हा शब्दांचा गृहपाठ आहे. आठवड्याला दहा शब्द, प्रत्येकाचा अर्थ आणि स्वतःचं एक वाक्य. त्यात 'स्नार्ल' होता.

लायनेल : म्हणजे गुरगुरणं. एवढं कळतं मला.

बाई : नुसतं गुरगुरणं म्हणजे 'ग्राउल'. ते कुत्रं तोंड मिटूनही करतं. 'स्नार्ल'मध्ये ओठ वर जातो, दात दिसतात. माणूस तसा अंगावर आला, तरी हाच शब्द. दोरीचा गुंता झाला, तरीही हाच. बहुतेक मुलांनी गळाच्या दोरीवर लिहिलं.

लायनेल : मग हिलाच काय धाड भरली होती दोरीवर लिहायला?

बाई : ते तिला विचारा. पण पालकाच्या सहीशिवाय मी कागद लावत नाही. ही खालची सही तुमचीच ना?

लायनेल : ...माझीच.

बाई : तुम्ही वाचून सही केलीत आणि एका शब्दानं तक्रार केली नाहीत. मला वाटलं, माणूस मोठ्या मनाचा आहे.

लायनेल : बाई, ते वाक्य... पुरतं काय आहे?

बाई : तुमच्या समोरच तर आहे.

लायनेल : रेजी बोलला तेवढंच मला ठाऊक आहे. तुम्ही वाचा.

बाई : "मी पुस्तक घेऊन जवळ गेले, की बाबा स्नार्ल करतात."

लायनेल : हं.

बाई : चष्मा विसरलात का?

लायनेल : डोळ्यांना काही झालेलं नाही. फळीवरची खूण वीस फुटांवरून ओळखतो मी. अक्षरं नाही लागत. सातवीत शाळा सोडली, तेव्हाही लागत नव्हती. मार्नीची आई घरात होती तोवर कागदपत्रं तीच बघायची. आता पोरगी दर शुक्रवारी न्याहारीच्या वेळी कागद पुढे सरकवते आणि मी सही ठोकतो.

बाई : अरेरे. मला कळायला हवं होतं. थांबा, आत्ता काढते तो... ये मार्नी, दारात नको उभी राहू.

मार्नी : बाबा, तुम्ही रागावलात ना? पण तुम्ही सही केली होती!

लायनेल : केली. न वाचता केली. मला वाचता येत नाही, मार्नी. तू पुस्तक आणलंस, की मी आधीच अंगावर यायचो. म्हणजे तू विचारणारच नाहीस.

मार्नी : मग ही एकच सही न वाचता केलीत?

लायनेल : सगळ्या.

मार्नी : 'प्रॉमिस'च्या कागदावरची पण?

लायनेल : तो कुठला?

मार्नी : सप्टेंबरातला. मी लिहिलं होतं, "तळं गोठलं की बाबा मला बर्फाला भोक पाडून मासे धरायला नेतील, असं त्यांचं प्रॉमिस आहे." त्याखाली तुमची सही आली. म्हणून मी डिसेंबरपासून दर शनिवारी बूट घालून बसायचे.

लायनेल : स्वयंपाकघरात. हो. बघितलंय मी तुला.

मार्नी : तुम्ही म्हणायचात, बूट काढ, फरशी घाण होते.

बाई : मार्नी, बाळ, हा कागद काढून तुझ्याकडे देऊ का?

लायनेल : नको, बाई. राहू द्या तो तिथंच, खरं आहे ते. बाकीचे कुठं आहेत?

मार्नी : माझ्या फाईलमध्ये. सगळे आहेत.

लायनेल : आण. इथं माझ्याशेजारी बस आणि पहिल्यापासून वाच. मोठ्यानं वाच.

मार्नी : इथं? बाहेर रेजीकाका उभे आहेत. त्यांना ऐकू जाईल, बाबा.

लायनेल : जाऊ दे.